गाझ-एए च्या अर्धवट किटमधून युद्धकाळातला दीड टनी ट्रक: मडगार्ड आणि ताडपत्रीची केबिन कशी करावी?

कवळीवाली (सांगली)

नमस्कार मंडळी. झ्वेझ्दा या मॉडेल कंपनीचं गाझ-एए ट्रकचं १/३५ मापाचं प्लास्टिकचं किट स्वस्तात मिळालंय, पण कुणीतरी अर्ध्यात सोडलेलं. दोन्ही दारं नाहीत, पुढची मडगार्डं नाहीत, उजवा हेडलाइट नाही, बंपर नाही. चेसिस, इंजिन, चाकं, बॉनेट, पुढच्या काचेची चौकट, केबिनची मागची भिंत आणि हौदा शाबूत आहे. विकणारा म्हणाला, "ताई, स्पेअर पार्टसाठी ठेवा." पण काय काय गायब आहे त्याची यादी केली आणि हसूच आलं. १९४२ मध्ये खरा ट्रक बनवणाऱ्या गोर्कीच्या कारखान्याने (गाझ म्हणजे तोच) स्वतःच त्यावरून जवळपास हेच सगळं कमी केलं होतं! म्हणजे अर्धं कन्व्हर्जन (एका मॉडेलचं दुसरं करणं) डब्यातच झालेलं आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाझ-एए म्हणजे फोर्डच्या एए ट्रकचा सोव्हिएत अवतार, १९३२ पासूनचा. दीड टन माल, ४० अश्वशक्ती. १९३८ मध्ये ५० अश्वशक्तीचं इंजिन आलं, तो गाझ-एमएम. बाहेरून दोघांत फरक शोधत बसावं लागतं. युद्धात काटछाट करून काढलेला तो एमएम-व्ही: दारांच्या जागी ताडपत्री, छप्परही ताडपत्रीचं, डावीकडे एकच दिवा, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, हॉर्न नाही, बंपर नाही, आणि हौद्याचा फक्त मागचा फाळका उघडतो. मला हाच करायचाय.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवते. त्यामुळे मेण कोरायची हत्यारं, मायक्रोमोटर, कोल्ड क्युअर अ‍ॅक्रिलिक सगळं हाताशी आहे. पत्र्याचं काम मात्र आयुष्यात केलेलं नाही. मडगार्ड मेणात कोरून अ‍ॅक्रिलिकमध्ये काढून पाहिलं, तर ते गोलसर आणि जाडजूड येतंय. जुन्या फोटोत तर अगदी कोनेदार, हलकं दिसतं. स्टायरीन शीटमध्ये (मॉडेलच्या प्लास्टिकचा पातळ तक्ता) करू का? ताडपत्रीसाठी काय वापरता? आणि फाळक्याला खऱ्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या तर चालतील का? घरात आइस्क्रीमच्या काड्यांचा ढीग आहे.

शेवटी गाडी लडोगा सरोवराच्या बर्फावर उभी करायचा विचार आहे. १९४१ चा हिवाळा, लेनिनग्राडचा वेढा, पिठाची पोती. जाणकारांनी सांगावं.

मिनीभक्त

इतका खटाटोप कशाला? मिनीआर्टचं १९४३ मॉडेलचं गाझ-एमएम मिळतं की. कोनेदार मडगार्डं त्यात तयारच येतात. गाडीच्या खालचं काम तर इतकं बारीक आहे की चिमट्यातून उडालेला पार्ट शोधण्यात संध्याकाळ जाते.

कवळीवाली

माहीत आहे हो. पण परदेशातून मागवायचं म्हणजे किटपेक्षा टपाल आणि कस्टम जड. शिवाय घरात असलेल्या ट्रकचं काय करू? मला हाच रांगेला लावायचाय.

दापोडीकर

ताई, अ‍ॅक्रिलिक आणि मेण बाजूला ठेवा. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होतो, आता निवृत्त. मॉडेलचा नाद नातवामुळे लागला. नातू गेला क्रिकेटला, मी अडकलो.

तुमचं मडगार्ड गोल येतंय कारण तुम्ही ते कोरताय. खऱ्या कारखान्यात ते कोरत नव्हते आणि १९४२ नंतर दाबतही नव्हते. घमेलं दाबून करतात, सुपली दुमडून करतात. युद्धाआधीच्या गाझचं मडगार्ड घमेल्याच्या जातीचं, एमएम-व्ही चं सुपलीच्या. एवढं डोक्यात बसलं की पुढचं काम हात आपोआप करतो.

दाबून करायचं तर मोठी प्रेस लागते, डाय लागते आणि मुख्य म्हणजे पत्रा मऊ लागतो. कडक पत्रा डायमध्ये खोल घातला की कोपऱ्यावर फाटतो. आम्हालाही कधी हलका लॉट आला की पहिल्याच पीसला कळायचं. सोव्हिएत संघात पातळ पत्र्याची मोठी गिरणी होती झापोरिझ्झ्याला, युक्रेनमध्ये. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मन तिथे पोचले. त्याच्या आत यंत्रं सोडवून मॅग्निटोगोर्स्कला हलवली, पण गिरणी अशी उचलून दुसरीकडे लगेच चालू होत नाही. त्यात गोर्कीचा कारखाना टी-६० आणि नंतर टी-७० हे हलके रणगाडे काढत होता. चांगला पत्रा, चांगला माणूस, प्रेसचा वेळ, सगळं तिकडे. ट्रकच्या वाट्याला आला साधा पत्रा. तो फक्त दुमडता येतो. म्हणून मडगार्ड दुमडलं.

यातून तुमच्या कामाचं सूत्र निघतं. दुमडलेल्या वस्तूला एका वेळी एकाच दिशेने बाक असतो. फोटो समोर ठेवा आणि साध्या कागदाचं मडगार्ड करून बघा. कागद न चुरगळता बसला तर आकार बरोबर. कुठे चुणी पडली, कात्रीने चीर द्यावी लागली, तर तिथे तुम्ही घमेलं करताय.

आता प्रत्यक्ष कृती. ०.३ मिलिमीटरची स्टायरीन शीट घेतली तर ३५ ने गुणा, खऱ्या मापात साडेदहा मिलिमीटर जाड पत्रा झाला. एवढा जाड पत्रा ट्रकला कोण लावतो? म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या. तो साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन. अजूनही जाडच, पण डोळा फसतो. कॅनची वरची-खालची चकती कात्रीने उडवा, मधला तुकडा गॅसवर चिमट्याने धरून रंग आणि आतलं लॅकर जाळून टाका. पत्रा मऊ पडतो आणि दुमडताना उलटा उसळत नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. हातमोजे घाला, कॅनची कड ब्लेडसारखी कापते.

किटचं टायर कागदावर ठेवून भोवती रेघ मारा, त्याच्या बाहेर मडगार्डचा बाक काढा. वरची पट्टी सरळ कापायची, बाहेरच्या कडेला अगदी बारीक काठ सोडायचा आणि तो काठ आधी दुमडायचा. काठ आधी दुमडल्यावर पट्टी वळायला अडते, तेव्हा जिथे कोन हवा तिथे काठाला बारीक खाच द्या. ब्रशच्या दांड्यावर पट्टी हळूहळू वळवा, एकदम जोर नको. आतल्या बाजूला चेसिसला टेकणारी उभी भिंत ०.५ च्या शीटमधून कापा. तिची कड दिसत नाही, त्यामुळे जाडी चालते आणि मडगार्डला आधार मिळतो. पत्रा आणि स्टायरीनचा जोड फेविक्विकने. मॉडेलचा पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) फक्त प्लास्टिक विरघळवतो, पत्र्याला धरत नाही. सांध्यात पुट्टी भरून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका. घाईत केलेलं वेल्डिंग थोडं दिसलं पाहिजे.

ब्रेकचं लोक विसरतात. या गाडीचे ब्रेक सळ्यांवर चालणारे, तेलाचे नाहीत. पुढचे ब्रेक गेले म्हणजे चेसिसच्या मधून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या सळ्या गेल्या. त्या लावू नका. पुढच्या चाकांमागचे ड्रमही घासून टाका. मायक्रोमोटर आहेच तुमच्याकडे, पाच मिनिटांचं काम. पुढचा पाटा (स्प्रिंग) आडवा आहे, एकच, तो तसाच ठेवा.

हौद्याच्या बाजूच्या फाळक्यांच्या बिजागऱ्या आणि कड्या किटमध्ये ओतीव आल्या असतील, त्या तासून काढा. मागच्या फाळक्याच्या ठेवा.

काडीवाला

फाळक्याबद्दल मी बोलतो, नाव सार्थ करायला. आइस्क्रीमची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या मापात सात सेंटिमीटरची फळी. त्याने पूल बांधता येईल, फाळका नाही. २५ मिलिमीटरची फळी १/३५ मध्ये जेमतेम ०.७ होते. शिवाय खऱ्या लाकडाची शीर मोजमापात बसत नाही, रंग दिल्यावर भेगा पडल्यासारखी दिसते.

किटचाच प्लास्टिकचा हौदा ठेवा. कटरच्या पात्याच्या पाठीने फळ्यांच्या रेघा पुन्हा ओढा, एकदोन फळ्यांच्या टोकाला चीर द्या. तारेच्या ब्रशने शिरेच्या दिशेत हलकेच एकदा ओढा, दोनदा नको. आणि युद्धातल्या ट्रकचा हौदाही हिरवाच असायचा, हे लक्षात असू द्या. नव्याने बदललेली एखादी फळी उघड्या लाकडाची ठेवली तर छान दिसते, पण एखादीच. लोक अख्खा हौदा सागवानी करतात आणि ट्रक फर्निचरच्या दुकानातला वाटतो.

नकाशेवाला

ताई, लडोगा म्हणताय तर कुठला हिवाळा ते आधी ठरवा, कारण त्यावर मडगार्ड ठरतं.

वेढलेल्या लेनिनग्राडला गोठलेल्या लडोगावरून माल पोचवायची बर्फावरची वाट सुरू झाली नोव्हेंबर १९४१ मध्ये. २२ तारखेला पहिला ट्रकांचा ताफा सरोवर ओलांडून गेला, साठेक गाड्या, आणि परत येताना ३३ टन पीठ घेऊन आला. त्या वेळी एमएम-व्ही अजून निघालेलाच नव्हता. बर्फावर धावले ते शांततेच्या काळातले एए आणि एमएम, गोल मडगार्डांचे, लोखंडी केबिनचे. दारं काढून किंवा उघडी ठेवून चालवत, म्हणजे बर्फ फुटलं तर ड्रायव्हरला उडी मारता यावी. त्यामुळे 'दार नसलेला ट्रक' आणि 'लडोगा' यांची लोक गाठ मारतात, पण पहिल्या हिवाळ्यात दार नसणं ही ड्रायव्हरची खबरदारी होती आणि एमएम-व्ही मध्ये कारखान्याची काटकसर. दोन वेगळ्या गोष्टी.

म्हणजे १९४१ हवं असेल तर तुम्हाला दारं नकोतच, पण गोल मडगार्डं लागतील, आणि तीच नेमकी तुमच्या डब्यात नाहीत. एमएम-व्ही हवा असेल तर दुसरा हिवाळा घ्या. बर्फाची वाट डिसेंबर १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ जानेवारी १९४३ ला वेढ्याला दक्षिण किनाऱ्यालगत भोक पडलं आणि फेब्रुवारीत तिथून रेल्वेही लेनिनग्राडला पोचली, तरी वसंतापर्यंत बर्फावरून वाहतूक चालूच होती. त्या हिवाळ्यात ताडपत्रीच्या केबिनची गाडी दाखवली तर कुणी बोट ठेवणार नाही.

माल किती ठेवायचा तेही बघा. पहिल्या ताफ्याचे ३३ टन साठ गाड्यांत वाटले तर गाडीमागे अर्धा टनच येतो, तेही दीड टनी गाडीत. बर्फ पातळ होतं म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यातही हौदा काठोकाठ भरून पोती रचू नका. डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) करणारे लोक हौद्यावर बाजार समिती उभी करतात, ते बघवत नाही.

जाता जाता, मूळ धाग्याला सोडून. सोव्हिएत फौजेच्या ट्रकांच्या गोष्टीत आपलीही माणसं आहेत. इराणमार्गे जी मदत रशियाला जात होती तिच्या वाहतुकीत आपल्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरचे ड्रायव्हर होते. त्यांतल्या दोघांना, तमिळनाडूचे सुभेदार नारायणराव निक्कम आणि पिथोरागढचे हवालदार गजेंद्र सिंग यांना, १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारने ऑर्डर ऑफ द रेड स्टार दिली. कुणी तो प्रसंग १/३५ मध्ये करणार असेल तर मी संदर्भ शोधायला तयार आहे.

कवळीवाली

बापरे, केवढं मिळालं! नकाशेवाले, मग दुसरा हिवाळा नक्की. जानेवारी १९४३. गोल मडगार्डं मेणातून करण्यात मला रस नाही, आता दुमडायचंच भूत बसलंय.

दापोडीकर काका, कागदाची युक्ती जबरदस्त. कागद एका जागी चुरगळला, बघितलं तर मी बाहेरचा काठ खालीही वळवत होते आणि आतही. ते सोडलं आणि पट्टी गपकन बसली. कॅनचा पत्रा जाळला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेल्या, पण पत्रा खरंच मऊ झाला. डावं मडगार्ड झालंय. उजवं करताना आरशातलं करायचंय हे डोक्यात ठेवून आधी कागद उलटा करून कापलाय. आमच्या लॅबमध्ये डावी-उजवी दाढ अशीच घोळ घालते, त्यामुळे सवय आहे.

आता केबिन. काच आणि बॉनेटच्या मधला पत्रा काढायचा की ठेवायचा? आणि ताडपत्रीला काय?

दापोडीकर

शाबास. तो मधला पत्रा ठेवा, त्यातच पेट्रोलची टाकी आहे. ४० लिटरची. तिथून पेट्रोल वजनानेच खाली उतरतं, पंप नाही. काचेच्या पुढे टाकीचं झाकण दिसतं, ते नीट रंगवा. काचेची चौकट, मागची भिंत आणि हा पत्रा एवढंच लोखंड राहिलं, बाकी कापड. छप्पर म्हणजे काचेच्या चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत ताणलेली ताडपत्री. तिला आत दोनतीन आडव्या पट्ट्या द्या, नाहीतर मध्ये झोळ पडेल. थोडा झोळ असू द्या, कापड आहे ते.

१९४३ मध्ये लाकडी दारंही आली, पण तुम्ही ताडपत्रीच ठेवा.

काडीवाला

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर. दोन पदरी असतो, सोलून एक पदर घ्या. फेविकॉलमध्ये पाणी घालून दुधापेक्षा थोडं घट्ट करा, टिश्यू त्यात बुडवू नका, आधी जागेवर ठेवा आणि ब्रशने टेकवत भिजवा. बुडवला की हातात लगदा येतो. वाळायला रात्रभर. दाराच्या जागची फडकी वेगळी कापा आणि एक गुंडाळून वर बांधलेली दाखवा, म्हणजे आतलं स्टिअरिंग आणि बाकडं दिसेल. बांधायच्या पट्ट्या त्याच टिश्यूच्या, दुहेरी घडी घालून. शिवण हवी असेल तर टिश्यू ओला असतानाच सुईच्या टोकाने ठिपके.

मिनीभक्त

मी हार मानली, फोटो टाका. रंगाचं काय ठरवलं? हिरव्यासाठी वालेहोच्या मॉडेल एअरमधला रशियन ग्रीन बाटलीतून थेट चालतो. मी त्यात थोडा पिवळट बफ घालतो. युद्धातला ४बीओ, म्हणजे सोव्हिएत फौजेचा हिरवा, उन्हात बराच उतरायचा.

हिरव्यावरचा हिवाळी पांढरा (बर्फात गाडी लपावी म्हणून मारायचे तो चुना) मारायला हेअरस्प्रेची रीत बघा. हिरवा पूर्ण वाळला की हेअरस्प्रेचे दोन हलके हात, मग पांढरा अ‍ॅक्रिलिक पातळ करून, आणि अर्ध्या तासाच्या आत ओल्या ब्रशने जिथे झिजला पाहिजे तिथे घासा. उशीर केला तर पांढरा निघतच नाही.

कवळीवाली

कुठे झिजवायचं? मला सगळीकडे घासायचा मोह होतो.

दापोडीकर

ड्रायव्हर जिथे हात लावतो तिथे. दार नाही, त्यामुळे चढताना तो काचेची चौकट आणि मागच्या भिंतीची कड धरतो. पाय पायरीवर, तोही नेहमी एकाच जागी. बॉनेटचे कान, कारण इंजिन थंडीत रोज उघडावं लागतं. मागच्या फाळक्याची वरची कड, पोती ओढून ओढून. उजव्या बाजूला कमी, तिथे रोज कुणी चढत नाही. गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे, हे आपल्याकडचे लोक विसरतात आणि उजवीकडे झिजवतात. छपराच्या कापडावर चुना घासला जात नाही, तो तडकतो, तेव्हा तिथे ब्रश लावू नका, टोकाने बारीक रेघा काढा.

झिजेच्या रंगासाठी महागडं काही नको. कॅम्लिनची ऑइल कलरची बर्न्ट अंबर ट्यूब घ्या, पुठ्ठ्यावर थोडी काढून तासभर ठेवा म्हणजे तेल शोषलं जातं, मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ. मडगार्डच्या दुमडीत बारीक ब्रशने सोडा, स्वतःच पळत जाते.

नकाशेवाला

दिव्याचं एक राहिलं. डावा एकच ठेवताय, तर उजव्या बाजूची दिव्याची जागा रिकामी दिसायला हवी, भोक बुजवलेलं नाही. या गाड्या दिवा काढून टाकलेल्या नव्हत्या, कारखान्यातूनच एका दिव्याने निघत. म्हणून उजव्या मडगार्डला भोकच पाडू नका.

कवळीवाली

उजवं मडगार्ड अजून बसवलेलं नाही, त्यामुळे वेळेवर सांगितलंत. पोती एपॉक्सी पुट्टीची करतेय, सहाच, आणि ती मागच्या फाळक्याकडे नाही तर केबिनला टेकून. पुढच्या आडव्या पाट्यावर वजन पडलं तर पुढचा भाग किती खाली बसवायचा?

दापोडीकर

अर्ध्या टनाला काही नाही. वजन मागच्या पाट्यावर येतं, तो एक केसभर. चाकं जमिनीला चारही टेकतायत का ते आरशावर ठेवून बघा आणि मगच चिकटवा.